मदत हवी आहे: ग्रेटिंगवरची फेज-कॉन्ट्रास्ट टोमोग्राफी तासाभरात कशी बसवू?

मंडळी, एक्स-रे ग्रेटिंग इंटरफेरोमेट्रीत कुणी काम केलंय का? (बारीक रेघांच्या जाळ्यांमधून, म्हणजे ग्रेटिंगमधून, एक्स-रे सोडायचे आणि उमटणाऱ्या पट्ट्या किती सरकल्या यावरून किरण नमुन्यात किती वळले ते मोजायचं.)

मी जर्मनीत पीएचडी करतेय. साध्या ट्यूबवरचा टॅल्बो-लाउ सेटअप आहे, तीन ग्रेटिंगचा. फायफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवला त्याच जातीचा. नमुना म्हणजे फॉर्मालिनमधला उंदराचा गुडघा. नेहमीच्या एक्स-रेत कूर्चा जवळजवळ दिसतच नाही, अपवर्तनाच्या चित्रात मात्र छान उठून येते. म्हणून हा खटाटोप.

त्रिमितीय चित्रासाठी नमुना फिरवत ३६०° च्या फेरीत १२०० कोन, प्रत्येक कोनाला शेवटचं ग्रेटिंग ८ पावलं सरकवायचं, दर पावलाला २ सेकंद. नुसतं एक्सपोजरच ५ तास २० मिनिटं! तेवढ्यात खोलीचं तापमान जरा बदललं की पट्ट्या सरकतात. परवा चौथ्या तासाला गुडघ्याखालून बुडबुडा सुटला, नमुना केसभर हलला, आणि अख्खी रात्र वाया. ५ पावलांवर आणलं तरी ३ तास २० मिनिटं होतातच. एक्सपोजर कमी केलं तर नॉइज सोसवत नाही.

गाइड म्हणतात रिव्हर्स प्रोजेक्शन कर (पावलं न सरकवता समोरासमोरच्या कोनांची चित्रं जोडायची). मला इंटरलेस्ड (पावलं शेजारशेजारच्या कोनांत वाटून घ्यायची) बरं वाटतंय. काय करू?

उत्तर १
रिव्हर्स प्रोजेक्शन सिंक्रोट्रॉनच्या (मोठ्या कणत्वरकाच्या) समांतर किरणांत भारी चालतं. समोरासमोरच्या दोन कोनांना शोषण तेच, अपवर्तन तेवढं उलटं, म्हणून दोन चित्रांत काम भागतं. तुमचे किरण शंकूसारखे पसरतात, मधल्या पातळीबाहेर उलटा जोडीदार सापडत नाही. शिवाय जोडीतल्या दोन चित्रांमध्ये वीसेक मिनिटं जाणार. तेवढ्यात पट्ट्या सरकल्या तर तेही अपवर्तन म्हणूनच मोजलं जाईल. आणि डार्क-फील्डवर (बारीक रचनेमुळे विखुरलेल्या किरणांच्या चित्रावर) पाणी सोडावं लागेल ते वेगळंच.

उत्तर २
इंटरलेस्डच घ्या. एका कोनाला एकच पाऊल, बाकीची शेजारच्या कोनांकडून उसनी. अज्ञात तीनच (सरासरी, पट्ट्यांची उंची आणि फेज, म्हणजे पट्ट्या किती सरकल्या ते), त्यामुळे ४ पावलं पुरतात. १२०० कोनांना ४० मिनिटं.

किंमत कडेला मोजावी लागते. चार कोनांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ०.९° फिरतं, म्हणजे अक्षापासून २५० पिक्सेलवर जवळजवळ ४ पिक्सेलची ओढ, चित्र तेवढं पुसट होतं. मधोमध काही फरक नाही. तेव्हा कूर्चा फिरण्याच्या अक्षावर येईल असा गुडघा बसवा. कोन २४०० केलेत तर ओढ निम्मी, वेळ ८० मिनिटं.

पण आधी नवीन स्कॅन लावूच नका. तुमच्याकडे ८ पावलांचा पूर्ण डेटा आहे ना? त्यातून पहिल्या कोनाचं पहिलं पाऊल, दुसऱ्याचं तिसरं, तिसऱ्याचं पाचवं, चौथ्याचं सातवं असं उचला, बाकी बाजूला ठेवा आणि रिकन्स्ट्रक्ट करा, म्हणजे त्यावरून त्रिमितीय चित्र बांधा. शेजारी मूळ चित्र ठेवून पाहा.

मूळ धागाकर्ती
हे सुचलंच नव्हतं! बुडबुड्याआधीच्या आठवड्याचा चांगला स्कॅन आहे, त्यावरच करते. एक शंका: चौथ्या पावलानंतर ग्रेटिंग परत मागे आणायचं का? आमचा मोटर उलटा फिरताना थोडा झोल खातो.

उत्तर २
मागे कशाला? एक पूर्ण पीरियड (ग्रेटिंगच्या एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर) पुढे गेलात की पॅटर्न तोच. रेंज संपेपर्यंत एकाच दिशेने चालवा, मग एकदाच परत या. आणि तेव्हाच नमुना बाजूला घेऊन रिकामी मोजणी उरका.