आईच्या वहीतली टिंबं: तुमच्या घरात कोण काय गुणगुणायचं?

माळा आवरताना आईची वही सापडली. कव्हर कधीच गेलेलं, पानं पिवळी. आत रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी. गाणं लागलं की वही ओढायची, पेन्सिल हाताला लागेपर्यंत ध्रुवपद होऊन जायचं, मग सापडेल तिथून लिहायला सुरुवात. सुटलेल्या शब्दाच्या जागी टिंबं. ते गाणं पुन्हा कधी लागेल तेव्हा टिंबं भरायची. माणिक वर्मांच्या 'सावळाच रंग तुझा'च्या पानावर पेन्सिल, निळी शाई आणि लाल बॉलपेन असं सगळं आहे. म्हणजे एवढं एक गाणं पुरं करायला तिला निदान तीन वेळा रेडिओची वाट बघावी लागली. काही गाण्यांतली टिंबं तशीच राहिलीत.

म्हणून हा धागा. लता-आशा आवडतात हे काय सांगायचं, ते तर सगळ्यांचंच आहे. आवडत्या गाण्यांच्या याद्या नकोत. तुमच्या घरातली कोण बाई कोणतं गाणं म्हणायची, आणि तेव्हा तिचे हात कशात असायचे, ते लिहा.

लालबागकर

हात स्टोव्हवर. रॉकेलचा पितळी स्टोव्ह, आवाज असा की शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकू येऊ नये. संध्याकाळी मुंबई ब केंद्रावर कामगार सभा लागायची. रेडिओ फळीवर, वर क्रोशाचा रुमाल. आईला मालती पांड्यांचं 'लपविलास तू हिरवा चाफा' जीव की प्राण. ते सुरू झालं की ती सरळ स्टोव्हची चावी फिरवून हवा सोडायची. फुस्स. खोलीत एकदम शांतता, रॉकेलचा वास, आणि ते गाणं. तीनेक मिनिटं आमटी अर्धी शिजलेली तशीच. गाणं संपलं की पुन्हा काकडा, पुन्हा पंप, पिन मारा, सगळं पहिल्यापासून. वडील दुसऱ्या पाळीला जाणारे नसले तर घरीच असत, पण एकदाही बोलले नाहीत. जेवताना एवढंच म्हणत, "आज चाफा लागला होता वाटतं."

गॅस आल्यावर आईनं गाण्यासाठी काही बंद केल्याचं आठवत नाही. गॅसला आवाजच नाही ना.

भाता

आमचं लोहाराचं घर, कागल तालुका. भाता ओढायचं काम माझ्याकडं, वय आठ-नऊ. आई घण मारायची. हे शहरातल्या लोकांना खरं वाटत नाही, पण आमच्यात बाई घण मारते आणि बाप्या सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं दाखवतो कुठं मारायचं ते. 'ऐरणीच्या देवा तुला' तिला पूर्ण यायचं, पण काम करताना म्हणायची नाही. दम कुठं उरतो? भट्टी विझवल्यावर, हातपाय धुताना म्हणायची. मी एकदा विचारलं, "आई, हे आपलं गाणं हाय का?" तर म्हणाली, "लोखंड आपलं, गाणं भालजी बाबांच्या पिच्चरचं."

पिक्चर 'साधी माणसं', 1965 चा. गीत जगदीश खेबुडकरांचं, गायिका लताबाई, आणि संगीतकार म्हणून नाव 'आनंदघन'. हे आनंदघन म्हणजे लताबाईच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी येऊन आईला सांगितलं. तिला फार काही वाटलं नाही. "बाईनंच केलं असणार," म्हणाली, "चाल बघ की, ओढत न्हाई कुठं."

पैज हरलेला

आमच्या घरात हात पत्त्यांवर. रविवारी दुपारी रमी, शेजारी विविध भारती. 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' लागलं. मी म्हटलं लता. मावशी म्हणाली सुमन कल्याणपूर. पैज लागली पाच रुपयांची, तेव्हा पाच रुपये म्हणजे बरेच होते. निवेदकानं गाण्याआधीच नावं सांगून टाकली होती आणि आम्ही गोंधळात ऐकली नव्हती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडची रेकॉर्ड आणली. कव्हरवर स्वच्छ छापलेलं, रफी आणि सुमन कल्याणपूर.

मावशीनं पाच रुपये घेतले आणि वर सुनावलं, "तुम्हा लोकांना बाईचा आवाज गोड लागला की ती लताच." हे मला अजून टोचतं. रॉयल्टीवरून रफी आणि लता एकत्र गात नव्हते त्या काळात सुमनताईंकडे किती द्वंद्वगीतं आली, ती लोकांनी किती आवडीनं ऐकली, आणि श्रेय मात्र मनातल्या मनात दुसरीकडे जमा केलं! मराठीत तसं झालं नाही. 'केतकीच्या बनी' ऐकून कुणी लता म्हणालेलं मी तरी पाहिलं नाही. 2023 साली पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा मावशी नव्हती. असती तर आणखी पाच रुपये मागितले असते.

फलटणची

आमच्याकडे लावणी लागली की आजी रेडिओचं बटण फिरवायची. बंद नाही हं, फक्त बारीक. इतकं बारीक की तिला एकटीला ऐकू यावं. 'सोळावं वरीस धोक्याचं' लागलं की ती कान रेडिओला जवळजवळ टेकवून तांदूळ निवडायची, आणि आम्ही पोरींनी जवळ यायचं नाही.

पुढे गावात सुलोचनाबाई चव्हाणांचा कार्यक्रम झाला. आजोबा म्हणाले, बघू तरी. आजीही गेली, मागच्या बाजूला बायकांत बसली. स्टेजवर बाई आली ती डोक्यावरून पदर घेऊन. अंगविक्षेप नाहीत, काही नाही. एका जागी उभी राहिली आणि 'कसं काय पाटील बरं हाय का' असं फेकलं की पुढच्या रांगेतले खरे पाटील खाली बघायला लागले. सगळा ठसका गळ्यात. त्या रात्री घरी परत येताना आजी बैलगाडीत मोठ्यानं गायली. आजोबा पुढं बसलेले, मागं वळले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ मोठा.

फोंड्याहून

माझी आजी बांदिवड्याची. ज्योत्स्ना भोळे मूळच्या तिथल्या, त्यामुळे 'बोला अमृत बोला' हे गाणं नसून आमच्या गावचा सातबारा आहे असा तिचा समज. 'कुलवधू' हे नाटक 1942 चं, चाली मास्टर कृष्णरावांच्या, हे तिला ठाऊक, पण ते तिच्या लेखी किरकोळ. "आमचें चेडूं तें!" एवढंच. नारळ खवताना म्हणायची. विळीवर पुढेमागे होणारी लय आणि ते गाणं जुळायचं नाही अजिबात, तरी म्हणायची. ताना आल्या की खवणं थांबायचं.

कुणीतरी

माझ्या घरी कुणी गात नव्हतं. आईला वेळच नव्हता. रेडिओही नव्हता. शेजारच्यांचा ऐकायचो, भिंतीतून. त्यामुळे मला बरीच गाणी शब्दांशिवाय येतात.

सदाशिवी

(हो, सदाशिव पेठच. बोला काय बोलायचं ते.) गीतरामायण म्हटलं की सगळ्यांना बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, आठवतात, आणि ते बरोबरच. पण 1 एप्रिल 1955 ला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं तेव्हा 56 गाणी बऱ्याच जणांनी वाटून गायली होती. त्यात माणिक वर्मा होत्या, मालती पांडे होत्या, ललिता फडके होत्या. माझ्या आत्यानं ते आठवड्याला एक असं ऐकलेलं. पुढे बाबूजींच्या आवाजातली सगळी रेकॉर्ड घरी आली तेव्हा तिनं ती ऐकली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "उत्तमच आहे. पण सीता पुरुषाच्या आवाजात रडते, याची सवय करावी लागेल."

आत्या विणकाम करायची. सुया थांबल्या की समजायचं, गाणं लागलंय.

न्यू जर्सी

नातीला झोपवताना 'लिंबोणीच्या झाडामागे' म्हणते. माझी आई म्हणायची तेच. हात पाठीवर, थोपटत. सुमनताईंइतकं हळू मला जमत नाही, पण नात तक्रार करत नाही. इथं लिंबोणी कुठली, मागच्या अंगणात मेपल आहे.

पैज हरलेला

ताई, ते 'निंबोणीच्या' आहे. 'बाळा गाऊ कशी अंगाई', 1977.

न्यू जर्सी

माझी आई लिंबोणी म्हणायची.

सदाशिवी

निंबोणीच. रेकॉर्ड ऐका, 'न' स्पष्ट आहे.

फलटणची

आमच्या अख्ख्या गल्लीत लिंबोणीच म्हणत. बाळं झोपत होती. सोडा ना.

पैज हरलेला

पाच रुपये लावता?

धागा काढणारी

भांडू नका, आईची वही उघडून बघितली. मधल्या पानावर तिनं शाईत 'निंबोणीच्या' लिहिलंय. त्यावर पेन्सिलनं 'नि'ला काट मारून 'लिं' केलंय, अक्षर माझ्या आजीचं आहे. आणि खाली पुन्हा आईच्या शाईत, जरा जोर देऊनच, 'नि'.

सगळ्या वहीत एकही टिंब नसलेलं हे एकच गाणं.