लाखामागे मृत्यू: भारत अमेरिकेपेक्षा सुरक्षित कसा?

कातळवाट, चिपळूण
२०२२ मध्ये रस्ते अपघातांत भारतात १,६८,४९१ माणसं गेली, अमेरिकेत ४२,५१४. लोकसंख्येने भागलं तर आपला दर लाखामागे १२ च्या आसपास, त्यांचा १३ च्या जवळ. मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट रोज बघणाऱ्याला हे पटणार नाही. शाळेत रस्ता सुरक्षेचा तक्ता लावायचाय, कुठला आकडा घालू?

भाजक
लाखामागचा दर समाजावरचा भार सांगतो, रस्त्याचा धोका नाही. त्यासाठी एकूण वाहनं किती किलोमीटर धावली त्याने भागायचं. अमेरिकेचा दर १० कोटी मैलांना १.३३ आहे, १.६०९ ने भागा आणि १० ने गुणा, म्हणजे १०० कोटी किलोमीटरना ८ च्या वर. आपल्याकडे देशभराच्या धावेचा भरवशाचा आकडाच नाही. म्हणून लोक नोंदणीकृत वाहनांनी भागतात आणि फसतात: भंगारात गेलेल्या रिक्षाची नोंदणी रद्द झाली नसेल तर ती मोजली जाते, भाजक फुगतो, दर उगाच कमी दिसतो. शिवाय २०२२ च्या मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के. मोटारींच्या देशाशी तुलना करताना हे वेगळं काढाच.

बांदा नाका
भाजकाआधी अंश, म्हणजे मृतांचा आकडा, तपासा हो. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू, ही व्याख्या आता बहुतेक ठिकाणी आहे. फ्रान्स २००४ पर्यंत ६ दिवस धरायचा. जपानच्या बातम्यांत अजून २४ तासांचा आकडा येतो. आपल्याकडेही कागदावर ३० दिवसच. पण कणकवलीचा जखमी गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवला आणि नवव्या दिवशी गेला, तर ती खबर मूळ पोलीस ठाण्यात पोचून गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, वाढायला हवं. राहिलं, तर तो कायम जखमींच्या रकान्यात. २०२१ चा सरकारी आकडा १,५३,९७२. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २ लाख १६ हजारांच्या वर, म्हणजे लाखामागे १५.४. त्या वर्षी अमेरिका १३ च्या आसपास होती. क्रम तिथेच उलटला!

कातळवाट, चिपळूण
मग जिल्ह्याचा दर तरी लाखामागे देऊ का?

भाजक
रत्नागिरीचा नको. महामार्गावर मेलेला मुंबईचा किंवा गोव्याचा असतो, आणि भागतो आपण जिल्ह्याच्या लोकसंख्येने. गणपतीत तर आणखी बिघडतं. त्यापेक्षा महामार्गाच्या दर किलोमीटरमागे तीन वर्षांची सरासरी द्या. देशांच्या तक्त्यात मात्र वर्ष, किती दिवसांची व्याख्या, नोंदलेला की अंदाजित, हे तीन रकाने हवेतच.