मदत हवी आहे : लिनक्स कर्नलमध्ये मॅप केलेल्या बफरमध्ये डेटा परत येत नाही

नमस्कार. इंदूरच्या रामबागेत दर रविवारी जमून लिनक्स कर्नलचा, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, अभ्यास करणारे आम्ही तिघे मित्र आहोत. आमचे एक लहान मोड्यूल वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने दिलेला बफर (डेटासाठी राखलेली मेमरी) बीएलके_आरक्यू_मॅप_यूजर या फंक्शनने रिक्वेस्टला (डिस्ककडे जाणाऱ्या विनंतीला) जोडते, स्कझी डिस्कला तिची ओळख विचारणारी इन्क्वायरी कमांड पाठवते आणि काम संपल्यावर बीएलके_आरक्यू_अनमॅप_यूजर या फंक्शनला आरक्यू->बायो (रिक्वेस्टचा डेटा कोणत्या मेमरीत आहे याची नोंद) देऊन ही जोडणी, म्हणजे मॅपिंग, सोडवते. बफरचा पत्ता ४०९६ च्या पटीत असला की ९६ बाइट्सचे उत्तर अचूक मिळते. परंतु तोच बफर ६ बाइट्सच्या हेडरनंतर सुरू केला, तर कमांड यशस्वी होते, एकही फंक्शन एरर देत नाही, आणि बफरमध्ये मात्र आम्ही आधी भरलेली शून्येच राहतात. आमच्या क्यूची (रिक्वेस्टच्या रांगेची) डीएमए अलाइनमेंटची अट ४ बाइट्सची आहे, म्हणजे बफरच्या मेमरीत थेट डेटा उतरवण्यासाठी त्याचा पत्ता ४ च्या पटीत हवा. ती मोडली तर कर्नलने रिक्वेस्ट नाकारायला हवी होती, असे आम्हांला वाटते. चूक कोठे होत असावी? पुढे अनमॅपचे काम वर्कक्यूकडे (कर्नलच्या पार्श्वभूमीवर कामे करणाऱ्या थ्रेडकडे) सोपवण्याचा विचार आहे. ते चालेल का?

उत्तर :
अट मोडल्यावर कर्नल रिक्वेस्ट नाकारत नाही. तो स्वतःची पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) घेतो, डिस्ककडून आलेला डेटा त्यांत उतरतो, आणि तेथून आपल्या बफरमध्ये तो कॉपी होतो तो अनमॅप करतानाच. रिक्वेस्ट पूर्ण होईपर्यंत आरक्यू->बायो हा पॉइंटर पुढे सरकत नल (रिकामा) झालेला असतो, त्यामुळे आपले अनमॅप काहीही न करता शून्य परत करते. मॅप केल्याबरोबर तो बायो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा आणि शेवटी तोच द्या. आपला जो बफर व्यवस्थित चालतो आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते: तेथे डीएमए थेट आपल्या पानांत होत असल्याने उत्तर दिसते, पण ती पाने कधीच सोडली जात नाहीत, आणि ही गळती उत्तर तपासून लक्षात येणार नाही. वर्कक्यूमध्ये मूळ प्रोसेसची मेमरी उपलब्ध नसते, म्हणून तेथे अनमॅप केल्यास कर्नल कॉपी न करता केवळ पाने मोकळी करतो. अनमॅप मूळ प्रोसेसच्या संदर्भातच करा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. बायो जपून ठेवल्यावर दोन्ही बफरांत उत्तर येते, आणि वर्कक्यूचा बेत आम्ही सोडला आहे. कमांड अयशस्वी झाल्यास आमचा कोड अनमॅप न करताच परतत होता. तेथेही आता अनमॅप घातले आहे.