पेतांकची मजा नियमांनी घालवली का?

रानवाट: फ्रेंच लोक ज्याला ‘ज्वा द व्हिव्र’ म्हणतात, ती जगण्याची भरभरून मौज दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांस भागात गावच्या चौकात पेतांक हा गोळे फेकायचा खेळ रंगला की दिसते. पोलादी गोळे, धूळ, पुढे कोशोने, म्हणजे नेमाचा छोटा लाकडी गोळा, आणि कोणाचा गोळा त्याच्या जास्त जवळ यावर तावातावाने वाद. स्पर्धांनी यातला जीव काढून घेतला, असं माझं ठाम मत आहे. गोळ्याचा व्यास ७०.५ ते ८० मिमी, वजन ६५० ते ८०० ग्रॅम, फेकायला एक मिनिट. एवढा जाच कशाला?

मोजपट्टी: अजिबात पटत नाही. हा खेळ जन्मला तोच नव्या नियमामुळे. जुन्या प्रोव्हांसाल खेळात अंतर १५ ते २१ मीटर, आणि समोरच्याचा गोळा उडवायला तीन ढांगा धावत गोळा सोडायचा. १९१०च्या सुमारास ला सिओता या गावात ज्यूल लनुआर या खेळाडूला संधिवातामुळे धावता येईना. मग अंतर कमी झालं आणि पाय रोवून फेकायचं ठरलं. आज कोशोने ६ ते १० मीटरवर असतो आणि गोळा जमिनीला टेकेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. म्हणून तर आजी आणि नात एकाच संघातून खेळू शकतात.

रानवाट: पाय रोवणं मान्य, पण मिनिटाची घाई नको. खडीवर गोळा सरपटत सोडला की पहिल्याच खड्याला लागून भरकटतो. तिथे तळहात जमिनीकडे वळवून, उलटी फिरकी देऊन, निम्म्या अंतरावर टप्पा पाडावा लागतो. तो नेमका कुठे पाडायचा यावरची खलबतं, हीच तर खरी गंमत!

टप्पा: वजनमापावर मी मोजपट्टीच्या बाजूने. मर्यादा सैल आहेत, त्यामुळे निवडीला वाव राहतो. कोशोनेजवळ गोळा लावणारा लहान, जड गोळा घेतो, म्हणजे तो फार घरंगळत नाही. समोरच्याचा गोळा उडवणारा जरा मोठा, हलका आणि मऊ पोलादाचा घेतो. आदळल्यावर तो कमी उसळतो.

मोजपट्टी: आणि वाद मिटवायलाही नियमच लागतो. मोजताना कोशोने हलला, तर मोजणाऱ्याच्या संघाचा गुण जातो. हे आधी ठरलेलं नसेल, तर १३ गुणांच्या डावात १२-१२ वर भांडण विकोपाला जातं.

रानवाट: खेळताना प्यायच्या पास्तिसलाही, त्या बडीशेपेच्या वासाच्या दारूलाही, नियम लावणार का? एक भाग पास्तिस, पाच भाग गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. बर्फ आधी टाकला तर बडीशेपेच्या वासाचं अनेथोल गोठून कण तरंगतात.

टप्पा: प्रमाण बरोबर आहे, पण मूळ पास्तिस ४५ टक्क्यांचं. उडवणाऱ्याने ते १३ गुण झाल्यावरच घ्यावं.

रानवाट: चौकातल्या खेळात नाही. तिथे पेला बाकावर आणि गोळा हातात, दोन्ही एकाच वेळी पाहिजेत.