तक्रार ‘समाधानकारकरीत्या’ बंद झालीय, कपडे अजून मशीनमध्येच आहेत

अर्धी_बादली

नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन. मोठी कंपनी, नाव मुद्दाम लिहीत नाही. वॉरंटी चालू. अकरा दिवसांपूर्वी धुता धुता मध्येच बंद पडलं. ड्रम पाण्याने अर्धा भरलेला, दार लॉक, आणि काचेला नाक लावल्यासारखी नवऱ्याच्या निळ्या शर्टाची कॉलर. तेव्हापासून येता-जाता ती कॉलर माझ्याकडे बघते.

पहिली तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, “आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.” कोण आलं? कुणी नाही. फोन केला तर नवीन नंबर दिला. दुसऱ्या तक्रारीला निदान माणसाचा फोन तरी आला. “मॅडम, निघालोच आहे, तेवढा ओटीपी सांगता का?” दिला मी. मूर्खपणा माझाच. तो अजून निघालेलाच आहे आणि तक्रार बंद. तिसऱ्या वेळी म्हणे “तंत्रज्ञ येऊन गेले, ग्राहक घरी नव्हते”. मी दिवसभर त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसले होते हो!

फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा बासरी वाजते. तो तुकडा ४२ सेकंदांचा आहे, मोजलाय. शेवटी खर्रर होतं आणि दर वेळी वाटतं, उचलला कुणीतरी. मग पुन्हा बासरी.

चॅटबॉटला लिहिलं, “दार उघडत नाही.” त्याने विचारलं, “आपल्याला नवीन दार खरेदी करायचे आहे का?”

प्रश्न दोन. एक, या लोकांपर्यंत पोचायचं कसं? दोन, आणि हा जास्त तातडीचा, कपडे बाहेर कसे काढू? आता वास यायला लागलाय.

उलटा_पाना

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. प्लग काढा. मशीनच्या खाली पुढच्या बाजूला, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, एक छोटी झडप असते. आत ड्रेन पंपाचा फिल्टर, गोल झाकणासारखा. काही मशीनला शेजारी बारीक नळीही असते, असेल तर आधी तिने पाणी काढा. नसेल तर पसरट ताटली खाली सरकवा, जुना टॉवेल अंथरा, आणि फिल्टर डावीकडे थोडासाच फिरवा. धार लागली की थांबा, ताटली भरली की घट्ट करा, ओता, पुन्हा. एकदम काढलात तर घरभर तळं होईल. मी केलंय, बायको अजून काढते विषय.

पाणी संपलं की बहुतेक वेळा लॉक सुटतं. नाहीच सुटलं तर ओढाताण करू नका, कडी तुटली की तेच कारण सांगून वॉरंटी नाकारतील.

अर्धी_बादली

उलटा_पाना, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, फ्रेम करून लावते. चौदा ताटल्या पाणी निघालं. कपडे बाहेर. शर्टाबद्दल विचारू नका.

मशीन मात्र तसंच. पंप नुसता घूं करतो, पाणी फेकत नाही.

माजी_हेडफोनवाली

मी चार वर्षं पलीकडच्या बाजूला होते. तुमच्या कंपनीत नाही, पण सगळीकडे नाटक तेच. थोडं आतलं सांगते.

फोन उचलणाऱ्या मुलीला तंत्रज्ञ कुठे आहे ते दिसतच नाही. तो बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा माणूस असतो. त्या कंत्राटदाराचे आकडे ‘किती तक्रारी बंद केल्या, किती तासांत’ यावर ठरतात. मशीन सुरू झालं का, हा रकानाच नाही. म्हणून तो ओटीपी आधी मागतो. मुदत टळायच्या आत बंद करायची असते, दुरुस्ती जमलं तर नंतर.

आणि त्या मुलीच्या स्क्रीनवर घड्याळ पळत असतं. आमच्याकडे सरासरी सहा मिनिटांत कॉल संपला पाहिजे असं होतं. सातव्या मिनिटाला आकडे लाल. त्या वेळी सगळ्यात सोपी सुटका कोणती? “मी आपली नवीन तक्रार नोंदवते.” तुम्ही खूश, घड्याळ खूश. पण नवीन नंबर घेतलात की जुनी तक्रार कागदोपत्री यशस्वी होते! तुमच्या तीन तक्रारींतल्या तिन्ही सुटल्या आहेत, त्यांच्या हिशेबाने तुम्ही आदर्श ग्राहक आहात.

म्हणून नवीन नंबर घेऊ नका. म्हणा, “पहिलीच तक्रार पुन्हा उघडा.” पुन्हा उघडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजतात आणि त्या वरच्या साहेबाला दिसतात. “मला न विचारता बंद केली” हे वाक्य शांतपणे बोला, दोनदा. कॉल रेकॉर्ड होतो. ओरडू नका. ओरडणारे दिवसाला चाळीस असतात, त्यांचं काही ऐकू येईनासं होतं, हे मी अनुभवाने सांगते. मग त्याच दिवशी ईमेल: तीनही नंबर, तारखा, कोण काय म्हणालं, आणि एकच मागणी. दोन मागण्या लिहिल्यात तर सोपी तेवढी उचलून “निकाली” लिहितील.

चॅटबॉटचे स्क्रीनशॉटही ठेवा. कॅनडातल्या एका विमान कंपनीच्या बॉटने प्रवाशाला चुकीचं सांगितलं होतं की सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचा बचाव काय, तर बॉट ही स्वतंत्र गोष्ट आहे, तो काय बोलतो त्याला आम्ही जबाबदार नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो बचाव उडवून लावला आणि भरपाई द्यायला लावली. प्रवाशाकडे स्क्रीनशॉट होता.

निवांत_नाना

ताई, तुम्ही एकट्या नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक पाटी आहे, सुमारे इ. स. पू. १७५० ची, आजच्या इराकमधल्या उर शहरातली. नन्नी नावाचा माणूस एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला लिहितो: कबूल केलं तसं तांबं दिलं नाहीस, आणि माझा माणूस शत्रूच्या मुलखातून तुझ्या दारी आला तर त्याला अपमान करून रिकाम्या हाती पाठवलंस. तांब्यापेक्षा त्या अपमानाचाच राग जास्त दिसतो.

पण नन्नीचं एक बरं होतं. पत्र कुणाच्या नावाने लिहायचं ते त्याला ठाऊक होतं.

अर्धी_बादली

नाना, हेच! तीन तक्रारी झाल्या, एकही नाव माहीत नाही. सगळे ‘संबंधित विभाग’. आणि फोन लागायलाच अर्धा तास जातो तो वेगळा. यांना माणसं मिळत नाहीत का?

रांगेतला_मास्तर

मिळतात, ठेवत नाहीत. गणित शिकवतो म्हणून राहवत नाही.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. किती कॉल येतील, किती लाइनी लागतील, लोक किती ताटकळतील, यावर त्याचा पहिला निबंध १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्रं १९१७ ची. कॉल सेंटरं अजून त्याच सूत्रांवर माणसं मोजतात. म्हणजे तुम्ही किती वेळ बासरी ऐकणार हे अपघाताने ठरत नाही.

सोपं उदाहरण, एकच खिडकी. प्रत्येक कामाला सरासरी ५ मिनिटं, माणसं कधीही येणार. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी २० मिनिटं. ९० टक्के केला की ४५. ९५ टक्के केला की ९५ मिनिटं. शेवटच्या त्या पाच टक्क्यांनी थांबणं दुपटीहून जास्त झालं. खूप खिडक्या असल्या तर आकडे इतके भयंकर नसतात, पण वळण तेच. कंपनी वाचवते तो माणसाचा रिकामा वेळ, आणि तो भरून निघतो तुमच्या अर्ध्या तासातून. तुमचा अर्धा तास त्यांच्या कुठल्याच वहीत खर्च म्हणून लिहिला जात नाही.

अर्धी_बादली

अपडेट. हेडफोनवाली म्हणाली तसंच केलं. फोनवरची मुलगी “नवीन नोंदवते” म्हणाली, मी “नको, पहिलीच उघडा”. ती गप्प. मग हळूच म्हणाली, “मॅडम, त्यासाठी सुपरवायझरना विचारावं लागतं.” म्हटलं विचारा, बासरी पाठ आहे माझी. ईमेलही पाठवला, तीन नंबर, चार तारखा, एक मागणी.

परवा माणूस आला. भला होता. पंप उघडला, पात्यात अडकलेली केसांची पिन काढली, माझीच. सगळं मिळून अठरा मिनिटं. ओटीपी मागितला नाही, मी म्हणाले आधी एक पूर्ण धुणं होऊ दे, तर चहा न घेता तो तेवढा वेळ बसला. बाहेर पडताना म्हणाला, “तुमची दुसरी तक्रार माझ्याच नावावर बंद झालीय, मला तेव्हा पत्ताही मिळाला नव्हता.”

आज सकाळी दोन मेसेज. एकात सेवेला दहापैकी किती गुण द्याल ते विचारलंय. दुसरा तिसऱ्या तक्रारीबद्दल: तंत्रज्ञ आपल्याकडे यायला निघाले आहेत, कृपया घरी थांबा.