मदत हवी आहे : आजीच्या ओव्यांची स्पूल टेप

नमस्कार मंडळी,
माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांची पाच इंची स्पूल सापडली. खोक्यावर त्यांच्या अक्षरात ‘आईच्या ओव्या, १९६८’ एवढंच. आजी माझ्या जन्माआधीच गेली, तिचा आवाज मी ऐकलेलाच नाही.

खोकं उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. रीळ बल्बसमोर धरलं तर गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो, म्हणजे फीत अ‍ॅसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असणार. कडाही वळल्यात. एका दुकानदाराने ‘ओव्हनमध्ये तापवून देतो’ म्हटलं, मी टेप उचलून घरी आणली. तो उपाय चिकट झालेल्या पॉलिएस्टर टेपांचा. अ‍ॅसिटेट उष्णतेने आणखी बिघडते.

पुणे-मुंबईकडे कुणाकडे चालू स्पूल प्लेअर आहे का? वेग सेकंदाला पावणेचार इंच की साडेसात, ते लिहिलेलं नाही. फीत ठिसूळ झालीय, त्यामुळे पहिल्याच फेरीत आवाज संगणकावर उतरवून घ्यायला हवा. वळलेली फीत हेडला (प्लेअरच्या आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकावी म्हणून काय करता? तोवर ती हवाबंद डब्यात न ठेवता पुठ्ठ्याच्या खोक्यात, गार कपाटात ठेवली आहे.

आत्या ८४ वर्षांची आहे. रोज फोन करून विचारते, ‘लागली का रे टेप?’