सी भाषा: फाइल संपेपर्यंत पूर्णांक वाचायचेत, मधे शब्द आला की प्रोग्राम थांबतच नाही

कऱ्हाडकर
गावातल्या दूध संकलन केंद्राची टेक्स्ट फाइल आहे. एका ओळीत एका कॅनचं दूध, पूर्ण लिटरमध्ये. फाइल संपेपर्यंत बेरीज करायची आहे. आकडे स्कॅनएफ या फंक्शनने वाचतोय आणि व्हाइल लूपची अट 'स्कॅनएफने ईओएफ (फाइल संपल्याची खूण) दिलं नाही तोवर' अशी ठेवलीय. एका ओळीत कुणीतरी 'नाही' असं लिहिलंय. तिथे पोचला की प्रोग्राम फिरतच राहतो. मित्र म्हणतो, एफईओएफ (फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन) लाव. लावू का?

जुना सीवाला
एफईओएफ नको. वाचायला गेलं आणि हाती काही लागलं नाही, की मग ते खरं होतं. त्यामुळे शेवटचा आकडा दोनदा धरला जातो.

आता तुझी अडचण. आकडा मिळाला तर स्कॅनएफ १ देतं, फाइल संपली तर ईओएफ, आणि समोर आकडाच नसेल तर ०. शून्य म्हणजे ईओएफ नव्हे, म्हणून लूप चालू. त्यात 'नाही' त्याने उचललेलंच नसतं, पुढच्या फेरीला तेच समोर. अट 'बरोबर १' अशी केलीस तर लूप थांबेल, पण तिथेच. उरलेली फाइल न वाचता बेरीज छापली जाईल आणि कुणाला संशयही येणार नाही. दूध घालणाऱ्याचे पैसे या आकड्यावर ठरतात, म्हणून मला ही चूक अडकण्यापेक्षा वाईट वाटते.

एफगेट्सने अख्खी ओळ घे, मग स्ट्रटॉलने आकडा काढ. त्याआधी एररनो (चूक नोंदवणारा चल) शून्य कर. नंतर बघ: एंडपॉइंटर (आकडा जिथे संपला ती जागा दाखवणारा) जागचा हलला का? नसेल तर आकडाच नव्हता. हलला असेल तर पुढे फक्त मोकळी जागा आणि ओळीचा शेवट आहे का? '३५.५' इथे पकडलं जातं. स्कॅनएफ त्यातले ३५ मुकाट्याने घेऊन पुढच्या फेरीला '.५'वर अडतं. मग एररनो ईरेंज (आकडा लाँग प्रकारात मावत नाही) झालाय का ते बघ, आणि इंट मिन, इंट मॅक्सशीही (इंट प्रकाराच्या किमान, कमाल मर्यादा) ताडून बघ. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, तिथे ३००००००००० ला ईरेंज येत नाही. इंटमध्ये मात्र २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही.

स्ट्रटॉलला बेस (अंकपद्धतीचा पाया) १० च दे. ० दिलास तर '०४०' अष्टमान धरून ४० लिटरच्या कॅनचे ३२ होतील.

नापास ओळ गाळू नकोस, ओळ क्रमांकासह एसटीडीएररवर (चुका छापायची वेगळी वाट) छाप. एफगेट्सने नल दिलं (ओळ मिळाली नाही) की एफएररही विचार. फाइल संपणं वेगळं, वाचताना बिघडणं वेगळं.

कऱ्हाडकर
दादा, जमलं! 'नाही' ओळ क्रमांकासकट सापडली. पण आणखी काही ओळी नाकारल्या जातात, आणि उघडून बघितलं तर तिथे आकडा सरळ दिसतोय.

जुना सीवाला
त्या ओळी कुणीतरी मराठी कीबोर्डवरून टाइप केल्यात. स्ट्रटॉलला देवनागरी अंक कळत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) असा प्रत्येक अंक तीन बाइटांचा: २२४, १६५ आणि तिसरा १६६ ते १७५. तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंक मिळतो. स्ट्रटॉलच्या आधी ओळीतले हे अंक साध्या इंग्रजी अंकांत बदलून घे.

आणि फाइलची पहिलीच ओळ नाकारली जात असेल, तर सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे बाइट आहेत का बघ. ते बीओएम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) आहे, नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडून सेव्ह केलं की येतं. तेवढे तीन सोडून पुढून वाच.